नळीच्या पास्त्यात सॉस आतपर्यंत पोहोचावा, यासाठी नेमके काय करावे?

कृष्णकमळ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

पेन्ने, रिगातोनी, झिती असे नळीच्या आकाराचे पास्ते घरी इटालियन पद्धतीने करताना मला काही गोष्टींचा नीट उलगडा हवा आहे. पाकिटावर दिलेली वेळ पाळून पास्ता शिजवला आणि सॉसही वेगळ्या भांड्यात चांगला जमून आला, तरी वाढल्यावर दोन्ही एकमेकांपासून अलिप्तच राहतात. नळी बाहेरून माखलेली दिसते, पण चावल्यावर आतून नुसता उकडलेला रवा लागतो आणि बशीच्या तळाशी पाणी सुटते. सॉस अधिक आटवून पाहिला तर पाणी कमी होते, पण मग तो नळीला चिकटून कोरडा वाटतो.

दुसरी अडचण चीजची आहे. किसलेले पेकोरिनो कधी छान एकजीव होते, तर कधी त्याचे चिकट गोळे होऊन डावालाच बसतात. साहित्य तेच, प्रमाण तेच, मग फरक कशाने पडतो?

तिसरी बाब ओव्हनमध्ये भाजायच्या पास्त्याची. वरचा थर सुरेख खरपूस होतो, पण आतल्या नळ्या मऊ पडतात आणि सॉस जणू नाहीसाच होतो.

याशिवाय, अमुक सॉसला अमुकच आकार घ्यावा असे जे सांगितले जाते, त्यामागे काही कारण आहे की ती केवळ परंपरा आहे? पाण्यात तेल घालावे की नाही, पाणी भरपूर घ्यावे की बेताचे, याबद्दलही परस्परविरोधी सल्ले वाचायला मिळतात. कृपया कारणांसह सांगावे, कारण कारण समजले की पाककृती पाठ करावी लागत नाही.

मंद आच

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या दोन मिनिटांत आहे. पास्ता पाण्यात पूर्ण शिजवून, निथळून, त्यावर सॉस ओतणे ही पद्धत नळीच्या पास्त्याला सर्वांत कमी मानवते. पाकिटावरच्या वेळेच्या साधारण दोन मिनिटे आधी पास्ता पाण्यातून काढावा आणि उरलेले शिजणे सॉसमध्येच पूर्ण करावे. त्या अवस्थेत नळीच्या भिंतीला अजून ओलावा हवा असतो. तो तिला साध्या पाण्यातून मिळण्याऐवजी सॉसमधून मिळाला, तर चव पिठाच्या आत शिरते. पूर्ण शिजलेली नळी आणखी काही शोषून घेण्याच्या स्थितीत नसते, म्हणून सॉस तिच्यावरून ओघळून जातो.

बशीत सुटणाऱ्या पाण्याचे एक कारण सहसा लक्षात येत नाही. नळी ही पोकळ असते आणि चाळणीत ओतल्यावरही तिच्या पोटात उकळते पाणी शिल्लक राहते. पास्ता निथळल्यासारखा दिसतो, पण सॉसमध्ये पडल्यावर एकेक नळी आपले पाणी सोडू लागते. शेवया किंवा स्पगेत्ती यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, रिगातोनीत मात्र हमखास उद्भवतो. म्हणून चाळणी दोनतीनदा जोराने हलवावी, किंवा झाऱ्याने थेट सॉसमध्ये काढत असाल तर नळ्यांतून येणारे पाणी हिशेबात धरूनच वरून पाणी घालावे.

आता पॅनमधली कृती. पॅन पसरट आणि पास्ता मावून वर जागा राहील इतका मोठा असावा. सॉस गरम असताना पास्ता घालावा, पास्त्याचेच पाणी अर्धी वाटी ओतावे आणि आच मोठी करून सतत परतावे. त्या पाण्यात उतरलेला स्टार्च सॉसमधल्या तेलाला आणि पाण्याला एकत्र धरून ठेवतो. सुरुवातीला सगळे पातळ आणि विखुरलेले दिसते, बुडबुडे मोठे असतात. मिनिटभराने बुडबुडे लहान आणि दाट होऊ लागतात, तेलाचे तवंग दिसेनासे होतात आणि पॅन कलता केल्यास सॉस पास्त्यामागून संथपणे सरकतो. इथेच थांबावे. वाढेपर्यंत तो आणखी घट्ट होतो, त्यामुळे आचेवरून उतरवताना तो हवा त्याहून किंचित पातळच असावा.

पास्ता काढण्याची वेळ घड्याळापेक्षा नळी कापून ठरवावी. एक नळी आडवी कापून तिच्या काठाकडे पाहावे. भिंतीच्या मधोमध एक बारीक पांढरी कडी दिसते. ते अजून पाणी न पोहोचलेले पीठ असते. ही कडी सलग आणि ठळक असेल तर अवकाश आहे, तुटक आणि सुतासारखी झाली असेल तर काढायची वेळ झाली.

पाण्याबद्दल सांगायचे, तर १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि दर लिटरला १० ग्रॅम मीठ हे इटलीतले रूढ प्रमाण आहे. मी नळीच्या पास्त्याला १०० ग्रॅममागे ७०० मिलिलिटरच घेते, कारण पाणी कमी असले की त्यात स्टार्च दाट उतरतो आणि तोच पुढे उपयोगी पडतो. मात्र पहिली दोन मिनिटे नीट ढवळावे लागते, नाहीतर नळ्या एकमेकींना चिकटतात. मीठ पाण्यातच हवे. सॉसमध्ये नंतर घातलेले मीठ पास्त्याच्या आत पोहोचत नाही. सॉसमध्ये पेकोरिनो असेल तर लिटरला ७ ग्रॅम पुरते. तेल पाण्यावर तरंगत राहते, चिकटणे थांबवत नाही, आणि निथळताना नळीला लागून सॉसला दूर ठेवते, म्हणून ते घालू नये. शिजलेला पास्ता थंड पाण्याने धुणे तर पूर्णपणे टाळावे, कारण पृष्ठभागावरचा स्टार्चच धुऊन जातो.

हाताला सवय होण्यासाठी पेन्ने अल्लाराब्यातापासून सुरुवात करावी. हा रोमच्या परिसरातला पदार्थ आहे आणि त्यात लपायला जागा नाही. चार जणांसाठी ४०० ग्रॅम पेन्ने, ५०० ग्रॅम सोललेले टोमॅटो, लसणाच्या तीन पाकळ्या, दोन सुक्या लाल मिरच्या, पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि मूठभर चिरलेली पार्सली घ्यावी. तेल थंड असतानाच त्यात ठेचलेला लसूण घालून मंद आचेवर ठेवावे. लसूण फिकट सोनेरी झाला की मिरची चुरडून घालावी आणि ती काळवंडण्याच्या आत टोमॅटो हाताने कुस्करून टाकावेत. पंधरा मिनिटांत कडेने तेल दिसू लागते. टोमॅटोचे तुकडे नळीच्या तोंडापेक्षा लहान असले पाहिजेत, ही साधी वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे पास्ता सॉसमध्येच पुरा शिजवावा.

रवाळ

मंद आच यांनी शिजवण्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी आकार आणि पास्त्याची प्रत यांविषयी लिहितो, कारण पॅनमधले कौशल्य कितीही असले तरी गुळगुळीत, चकचकीत पास्त्यावर सॉस ठरत नाही.

पास्ता ज्या साच्यातून दाबून काढतात, तो ब्राँझचा असेल तर पास्त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि पिठूळ दिसतो. टेफ्लॉनच्या साच्यातून तो नितळ आणि पिवळाधमक निघतो. खडबडीत पास्ता पाण्यात स्टार्च जास्त सोडतो आणि सॉस धरूनही ठेवतो. कमी तापमानावर सावकाश वाळवलेल्या पास्त्याची चवही अधिक गव्हाळ राहते. विकत घेताना रंगाकडे पाहावे: फिकट, किंचित धुरकट दिसणारा पास्ता घ्यावा. इटलीमध्ये १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले, आणि नळीच्या पास्त्याला तर ते अगदी आवश्यक आहे, कारण मऊ गव्हाची नळी शिजताना आपला आकार टिकवू शकत नाही. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो या गावाच्या पास्त्याला २०१३ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले असून त्याच्या नियमांत ब्राँझचा साचा अनिवार्य आहे.

आकारामागे कारण निश्चित आहे. पेन्नेचा तिरका छेद शोभेचा नाही. सरळ कापलेल्या नळीपेक्षा तिरक्या कापलेल्या नळीचे तोंड मोठे होते आणि पातळसर सॉस सहज आत शिरतो. नळी न चिरडता तिरकी कापणाऱ्या यंत्राचे पेटंट १८६५ मध्ये जेनोवाजवळच्या जोवान्नी बात्तिस्ता कापुर्रो या उत्पादकाने घेतले होते. रिगातोनी रुंद, जाड भिंतीची आणि सरळ कापलेली असते, त्यामुळे तिला मांसाचे किंवा डाळींचे लहान तुकडे असलेला जड सॉस पेलतो. नुसते तेल आणि लसूण असलेला सॉस रिगातोनीत वाया जातो. तो बारीक, लांब पास्त्यालाच द्यावा.

रेषा असलेल्या नळीला सॉस चांगला धरतो हे खरे असले, तरी गुळगुळीत नळीला कमी लेखण्याची रीत मला पटत नाही. रेषांमुळे नळीची भिंत काही ठिकाणी जाड आणि काही ठिकाणी पातळ असते, म्हणून ती सर्वत्र सारखी शिजत नाही. ब्राँझच्या साच्यातून काढलेली गुळगुळीत नळी सारखी शिजते आणि पृष्ठभागाच्या खरखरीतपणामुळे सॉसही धरते. नेपल्समध्ये पेन्ने, झिती आणि पाकेरी गुळगुळीतच पसंत केले जातात, त्यामागे हे कारण आहे.

तिथला जेनोवेझे हा पदार्थ याचे उत्तम उदाहरण आहे. नाव जेनोवाचे असले तरी पदार्थ नेपल्सचा आहे. मांसाच्या वजनाइतका, बहुधा त्याहूनही जास्त कांदा अतिशय मंद आचेवर काही तास शिजवतात. कांद्याचा आकार नाहीसा होऊन त्याचा तपकिरी, गोडसर लगदा होतो. त्याला लांब झिती हाताने मोडून वापरतात. मोडताना कडा वेड्यावाकड्या होतात आणि बारीक कपच्याही पडतात. त्या कपच्या टाकून द्यायच्या नसतात, कारण त्या शिजून सॉसमध्ये मिसळतात आणि त्याला दाटपणा आणतात. ज्यांना मांस नको असेल त्यांनी कातानियाचा पास्ता आल्ला नोर्मा करावा: टोमॅटोचा सॉस, तळलेली वांगी, तुळशीच्या जातीची बेझिलची पाने आणि वरून खारवलेले सुके रिकोत्ता चीज. वांगी मोठ्या नळीच्या रुंदीएवढ्या तुकड्यांत कापली आणि अर्धी सॉसमध्ये, अर्धी वरून घातली, तर मऊ आणि खरपूस असे दोन्ही पोत मिळतात.

कृष्णकमळ

दोघांचेही मनापासून आभार. नळीच्या पोटातल्या पाण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नसता, आणि पांढऱ्या कडीची खूण तर फारच उपयुक्त आहे. आता चीज आणि ओव्हन या दोन गोष्टींबद्दल कोणी लिहील का? चीजच्या बाबतीत मला मांस न घालता, केवळ पेकोरिनो आणि मिरे यांची मेत्से मानिके (आखूड नळीचा पास्ता) करायची आहे.

धिमा विस्तव

पेकोरिनोचे गोळे होण्यामागे दोनच कारणे असतात: तापमान जास्त असणे आणि स्टार्च कमी असणे. चीजमधली प्रथिने साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे एकमेकांना घट्ट धरू लागतात, आणि एकदा ती अशी बांधली गेली की कितीही ढवळले तरी सुटत नाहीत. स्टार्च त्यांच्या मध्ये येऊन त्यांना दूर ठेवतो. साहित्य आणि प्रमाण तेच असतानाही निकाल बदलतो तो यामुळे, कारण पॅन त्या क्षणी किती तापलेला होता आणि पास्त्याचे पाणी किती दाट होते, या दोन गोष्टी पाककृतीत लिहिलेल्या नसतात.

काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी नेमक्या याच सॉसचा अभ्यास करून २०२५ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गोळे होतात आणि २ ते ३ टक्के असेल तर सॉस स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. भरपूर पाण्यात उकडलेल्या पास्त्याच्या पाण्यात इतका स्टार्च बहुतेक वेळा नसतोच. म्हणून एक तर पाणी कमी घ्यावे आणि काढलेले पाणी वेगळ्या भांड्यात आटवावे, नाहीतर सरळ मक्याचे किंवा बटाट्याचे स्टार्च वापरावे. दुसऱ्या मार्गाला मी कमीपणाचा मानत नाही.

दोन भुकेल्या माणसांसाठी २४० ग्रॅम मेत्से मानिके आणि १६० ग्रॅम पेकोरिनो धरावे. ४ ग्रॅम स्टार्च ४० मिलिलिटर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर गरम करावे. दुधट पाणी पारदर्शक होऊन खळीसारखे घट्ट झाले की उतरवावे. त्यात थोडे थंड पाणी घालून ते कोमट करावे आणि मगच किसलेले चीज मिसळून मिक्सरमध्ये गुळगुळीत करावे. मिरे जाडसर कुटून कोरड्या पॅनमध्ये सुगंध सुटेपर्यंत भाजावेत, त्यावर पास्त्याचे डावभर पाणी घालावे आणि पास्ता त्यात एक मिनिट परतावा. यानंतर आच पूर्णपणे बंद करावी. पॅन विस्तवावरून बाजूला घेऊन मिनिटभर थांबावे, मग चीजचे मिश्रण ओतून भराभर हलवावे. घट्ट वाटल्यास पास्त्याचे गरम, पण उकळते नसलेले पाणी चमच्याचमच्याने वाढवावे.

चीज अगदी बारीक, पिठासारखे किसावे. पाकिटातून आयते किसून मिळणाऱ्या चीजमध्ये ते मोकळे राहावे म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे ते सारखे विरघळत नाही. तुकडा आणून घरीच किसावा. आणि हा पदार्थ थांबत नाही. खाणारे बसलेले असतील तेव्हाच चीज मिसळावे.

सांजवेळ

ओव्हनच्या पास्त्याबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी तो सर्वांत जास्त होतो.

आत कोरडे आणि मऊ, या दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे. पास्ता पूर्ण शिजवून भांड्यात भरला, तर ओव्हनमधल्या अर्ध्या तासात तो आणखी शिजतो आणि त्यासाठी लागणारे पाणी सॉसमधून ओढून घेतो. सॉस नाहीसा होत नाही. तो नळीच्या भिंतीत जातो आणि तिला मऊ करतो. म्हणून इथे पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या जेमतेम निम्मा वेळच उकळावा. रिगातोनीची वेळ १२ मिनिटे असेल तर ६ मिनिटांत काढावी. तेव्हा ती चावताना कडक लागली पाहिजे. सॉस मात्र खाताना हवा असतो त्याहून बराच पातळ ठेवावा. भांड्यात भरल्यावर नळ्यांच्या वरच्या कडा तेवढ्या बाहेर दिसाव्यात आणि भांडे हलवल्यावर कडेने सॉस डुचमळावा. पाहताना हे प्रमाण चुकल्यासारखेच वाटते, पण ते तसेच हवे.

बेशामेल, म्हणजे दुधाचा पांढरा सॉस, करताना पुष्कळ पाककृतींत १ लिटर दुधाला १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम मैदा सांगतात. नळीच्या पास्त्याला मी दोन्ही ५०–५० ग्रॅम घेते. मैदा लोण्यात दोन मिनिटे परतून कच्चा वास घालवावा, पण रंग येऊ देऊ नये. मग दूध थोडेथोडे घालत फेटत राहावे, शेवटी मीठ आणि किसलेले जायफळ. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला, बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकून मग हळूहळू मिटली, की ते पुरेसे झाले.

मोझ्झारेल्ला ताजे असेल तर कापून तासभर चाळणीत ठेवावे, नाहीतर त्याचे पाणी आत सुटते. भांडे आधी झाकून २०० अंश सेल्सिअसवर वीस मिनिटे ठेवावे, नंतर झाकण काढून वरचा थर खरपूस होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे. बाहेर काढल्यावर निदान दहा मिनिटे हात लावू नये. ही दहा मिनिटे मला पाककृतीचाच भाग वाटतात, कारण कापल्याबरोबर वाहून जाणारा सॉस तेवढ्या वेळात नळ्यांमध्ये स्थिरावतो.

कृष्णकमळ

हे सगळे वाचून पुढच्या खेपेला काय बदलायचे ते स्पष्ट झाले. शेवटची एक शंका विचारते. कान्नेल्लोनीच्या मोठ्या नळ्या आधी उकळाव्यात का? उकळल्यावर त्या भरताना फाटतात, आणि न उकळता भाजल्या तर टोके कडक राहतात.

सांजवेळ

पाकिटावर न उकळता वापरण्याची सूचना असेल तर त्या कोरड्याच भराव्यात. कोरडी नळी हातात घट्ट राहते आणि पिशवीचे टोक कापून त्यातून सारण दोन्ही बाजूंनी आत दाबता येते. सारण रिकोत्ता आणि पालकाचे असेल, तर पालक वाफवून पूर्ण पिळून घ्यावा, पण रिकोत्ता फार कोरडा करू नये, कारण नळीला आतूनही ओलावा लागतो. भांड्याच्या तळाशी आधी सॉसचा थर द्यावा, नळ्या एकाच थरात, मध्ये बोटभरही जागा न सोडता किंचित अंतराने ठेवाव्यात आणि वरून पातळ सॉस इतका ओतावा की एकही टोक उघडे राहणार नाही. टोके कडक राहतात ती सॉसबाहेर राहिल्यामुळेच. भांडे घट्ट झाकून १८० अंशांवर पस्तीस मिनिटे ठेवावे, मग सुरीचे टोक नळीत खुपसून पाहावे. ते अडखळले तर कडेने अर्धी वाटी गरम दूध किंवा पाणी सोडून पुन्हा झाकावे. चीज घालून वरून खरपूस करायचे ते त्यानंतर.

मंद आच

सांजवेळ यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते. सूचना नसलेल्या, म्हणजे उकळाव्या लागणाऱ्या नळ्या असतील, तर त्यांच्याऐवजी ताज्या पास्त्याचे चौकोन घ्यावेत. ते मिनिटभर उकळून स्वच्छ कापडावर पसरावेत, एका कडेला सारण ठेवून गुंडाळावेत आणि जोड खाली येईल असे भांड्यात मांडावेत. फाटण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि पास्ता आधीच मऊ असल्यामुळे ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटे पुरतात.